मीठ आणि पाणी

स्वयंपाकघराच्या फळीवर मांडलेल्या डब्यांतील धान्य, डाळी, गूळ, तेल, मसाले हे सारे कोणत्या ना कोणत्या सजीवापासून आलेले असते. मीठ मात्र निखळ खनिज आहे आणि तरीही माणूस ते रोज, जाणूनबुजून आणि आवडीने खातो. रसायनशास्त्राच्या भाषेत मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याच्या वजनाचा सुमारे चाळीस टक्के भाग सोडियमचा आणि साठ टक्के क्लोरिनचा असल्यामुळे पाच ग्रॅम मिठातून शरीराला दोन ग्रॅम सोडियम मिळते, हा हिशेब पुढे वारंवार लागणार आहे. मिठाविषयी बोलताना एकीकडे चव आणि दुसरीकडे रक्तदाब अशी विभागणी करण्याची सवय झालेली असली, तरी मिठागरात, लोणच्याच्या बरणीत आणि माणसाच्या रक्तात मीठ जे काम करते ते मुळात एकच आहे. मीठ पाण्याला ओढते आणि धरून ठेवते. त्याचे बहुतेक सगळे गुण आणि जवळजवळ सगळे धोके या एका गुणधर्मातून निघतात.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात आणि त्यांपैकी तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग खाण्याच्या मिठाचा असतो. म्हणजे एक किलो मीठ मिळवायचे तर चाळीस लिटरच्या आसपास पाणी उन्हाने आटवावे लागते. नुसते पाणी आटवून जो साका उरेल तो मात्र खाण्याजोगा नसतो, आणि मिठागर चालवणाऱ्यांचे खरे कौशल्य येथेच आहे. कोकणात आणि गोव्यात पावसाळा सरल्यावर फुटलेले बांध दुरुस्त करतात, वाफ्यांचा तळ चोपून घट्ट करतात आणि उधाणाच्या भरतीचे पाणी आत घेऊन ते एका वाफ्यातून दुसऱ्यात असे पुढे पुढे सोडत नेतात. प्रत्येक टप्प्यावर पाणी दाट होत जाते. प्रथम चुनखडीसारखे क्षार तळाशी बसतात. मूळ पाण्याचा चौथा-पाचवा हिस्सा उरेपर्यंत जिप्सम वेगळे होऊ लागते. आणि जेमतेम दहावा हिस्सा शिल्लक राहतो तेव्हा सोडियम क्लोराइडचे स्फटिक धरू लागतात. ते लाकडी फावड्याने ओढून बांधावर त्यांच्या राशी घालतात. उरलेल्या कडू पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे ते पाणी वेळीच काढून टाकले नाही तर मीठही कडवट होते. कोणते पाणी केव्हा पुढे सोडायचे आणि केव्हा बाहेर काढायचे याची जाण ज्यांच्या पिढ्यांच्या हाती आली, त्या आगरी समाजाची वस्ती मुंबई, ठाणे, रायगडच्या खाड्यांलगत आहे आणि गोव्यात मिठगावडे हेच काम करीत आले आहेत. हे काम कष्टाचे आहे. दाट खाऱ्या पाण्यात तासन् तास उभे राहून पायांची कातडी फाटते, पांढऱ्या राशींवरून परतणाऱ्या उन्हाच्या तिरिपीने डोळे दुखावतात, आणि डिसेंबर-जानेवारीपासून पावसाळ्यापर्यंतचा सारा हंगाम एका अवकाळी सरीने वाया जाऊ शकतो. ताटात सर्वांत कमी किमतीची वस्तू म्हणून मीठ वाढले जाते, तेव्हा ही किंमत कोणाच्या पायांनी चुकती केली आहे याचा विचार सहसा होत नाही.

मॅग्नेशियमच्या त्या क्षारांचा प्रत्यय घरातही येतो. पावसाळ्यात खडेमिठाला पाणी सुटते आणि बरणीच्या तळाशी खारे पाणी साचते. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेतील सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय ओलावा ओढून विरघळू लागत नाही. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र तेहतीस टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागते. मिठागरातील मिठात त्याचा थोडा अंश राहतोच, म्हणून ते लवकर ओलावते. कारखान्यात शुद्ध केलेले बारीक मीठ तुलनेने कोरडे राहते आणि त्याच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात अत्यल्प प्रमाणात मोकळे राखणारे द्रव्य मिसळतात. त्यांपैकी पोटॅशियम फेरोसायनाइड या द्रव्याच्या नावामुळे ‘पाकिटातल्या मिठात विष असते’ अशी अफवा अधूनमधून उठते. या संयुगातील सायनाइडचा भाग लोहाशी इतका घट्ट बांधलेला असतो की तो पोटात सुटा होत नाही, आणि किलोमागे काही मिलिग्रॅम एवढेच प्रमाण कायद्याने मान्य केलेले आहे. मिठाबाबत चिंता करण्यासारखी गोष्ट आहे, पण ती ही नव्हे.

मीठ सर्वांना लागते, ते सर्वत्र पिकत नाही आणि त्याला पर्याय नाही; या तीन गोष्टी एकत्र आल्या की राज्यकर्त्यांचे लक्ष त्याकडे वळणारच. शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सुभेदाराला पाठविलेले एक पत्र या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडू लागल्यामुळे व्यापारी तिकडे वळले आणि स्वराज्यातील मीठ पडून राहू लागले, तेव्हा बाहेरून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवून ते महाग करावे, अशी आज्ञा त्यात आहे. देशी उत्पादकाला जकातीचे संरक्षण देण्याचे इतके स्पष्ट उदाहरण त्या काळात क्वचितच सापडते. ब्रिटिशांनी पुढे याच वस्तूचा उपयोग नेमका उलट्या हेतूने केला. त्यांनी मिठाच्या उत्पादनावर आपला ताबा बसवला, एका प्रांतातून दुसऱ्यात मीठ चोरून जाऊ नये म्हणून उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून शेकडो मैलांचे काटेरी कुंपण उभारले, आणि १८७८ च्या करारानंतर बारा वर्षे गोव्यातील मीठ-उत्पादनाचा मक्ताही पोर्तुगीजांकडून विकत घेतला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ सालच्या अर्थसंकल्पीय भाषणात मिठावरील कराचा बोजा गरिबाच्या जेवणावर पडतो हे आकड्यांनिशी मांडले, आणि त्यानंतर काही वर्षांत मणामागे अडीच रुपये असलेला हा कर टप्प्याटप्प्याने एक रुपयापर्यंत खाली आला. १९३० साली महात्मा गांधींनी दांडीला मूठभर मीठ उचलले, त्याचे पडसाद मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याच्या आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर उमटले. समुद्र ज्यांच्यापासून दूर होता त्या देशावरच्या आणि विदर्भातल्या लोकांनी मिठाच्या जागी जंगलाचे कायदे मोडले. मिठावरचा हा कर स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ मध्ये रद्द झाला.

मिठाशिवाय जेवण अळणी लागते एवढेच कारण असते, तर एवढा इतिहास घडला नसता. शीतपेटी येण्यापूर्वी मीठ हे अन्न टिकविण्याचे मुख्य साधन होते, आणि ते साधन कसे काम करते हे कैरीच्या लोणच्यात डोळ्यांसमोर दिसते. कैरीच्या कोरड्या फोडींना मीठ आणि हळद चोळून त्या झाकून ठेवल्या, की दुसऱ्या दिवशी त्यांना भरपूर पाणी सुटलेले असते. वरून एक थेंबही घातलेला नसताना हे पाणी येते कुठून, तर फोडींच्या पेशींतून. प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असते, त्यातून पाणी सहज आरपार जाते, पण मीठ तेवढ्या सहजपणे जात नाही. अशा आवरणाच्या एका बाजूला मीठ अधिक झाले की दुसऱ्या बाजूचे पाणी तिकडे ओढले जाते. या क्रियेला परासरण म्हणतात. फोडींवर जो परिणाम होतो तोच त्यांच्यावर वाढू पाहणाऱ्या जीवाणूंवरही होतो. त्यांच्या पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते आणि आजूबाजूचे पाणी मिठाने धरून ठेवलेले असल्यामुळे ते परत मिळत नाही. पदार्थ ओला दिसत असूनही जीवाणूंच्या दृष्टीने तो वाळवंटासारखा कोरडा असतो. म्हणूनच लोणच्यात पाण्याचा हात लागू नये, फोडी पुसून कोरड्या कराव्यात, मीठ भाजून घ्यावे आणि बरणीला दादरा बांधावा हे नियम इतक्या काटेकोरपणे पाळले जात: बाहेरून आलेले पाणी खाराचा दाटपणा मोडते आणि बुरशीला वाट मिळते. वरचे तेल हवेला अडवते. खारातल्या मिरच्या आणि आवळे यांत तर तेलाचीही गरज नसते. तिथे मिठाच्या पाण्याला न डगमगणारे काही मोजके जीवाणू आम्ल तयार करतात आणि पदार्थाला आंबट चव देऊन त्याचे रक्षण करतात.

किनाऱ्यावर हीच युक्ती माशांसाठी वापरली जाते, आणि कोणत्या माशाला मीठ लावायचे याचा विचारही तिथे पक्का आहे. बोंबील आणि जवळा बारीक किंवा पातळ असल्यामुळे ते बहुधा नुसत्या उन्हावर वाळतात. अंगाने जाड आणि तेलकट असलेला बांगडा उन्हात वाळण्याआधीच खराब होईल, म्हणून त्याचे पोट साफ करून त्यात मीठ भरतात. रातांब्याच्या सालींना मीठ घातलेल्या रसाचे पुन्हा पुन्हा पूट देऊन वाळवले की आमसुले होतात, आणि रातांब्यात मीठ घालून सुटलेला रस म्हणजे आगळ वर्षभर टिकते. सोलकढी करताना आगळ घातले असेल तर वेगळे मीठ घालण्यापूर्वी चाखून पाहावे लागते ते त्यामुळेच.

ताज्या स्वयंपाकातही मिठाचे हे पाण्याशी चालणारे व्यवहार सुगरणीला पाठ असतात. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ पानात वाढण्याच्या वेळी घालावे, नाहीतर तिचे पाणी होते. उलट कारल्याच्या काचऱ्यांना आधी मीठ लावून पिळून घ्यावे म्हणजे कडू रस निघून जातो. कारल्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. सोडियम जिभेवरची कडूपणाची जाणीवच दाबते, आणि कडूपणा दबला की त्याच्याखालचे गोड-आंबट स्वाद वर येतात. कलिंगडावर किंवा पेरूवर मीठ भुरभुरणे, शिऱ्यात किंवा पुरणात चिमूटभर मीठ घालणे यामागचे कारण हेच आहे.

मिठाच्या डब्याशेजारी आणखी काही क्षार असतात आणि त्यांच्याकडे सहसा मीठ म्हणून पाहिले जात नाही. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. दह्याच्या किंवा लिंबाच्या आंबटाशी त्याची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि ढोकळा फुगतो. पापडखार हा त्याच कुळातला, पण अधिक तीव्र, मुख्यतः सोडियम कार्बोनेटचा. तो उडदाच्या पिठाचा गोळा चिवट आणि लवचीक करतो, त्यामुळे पापड पातळ लाटला तरी फाटत नाही आणि भाजताना फुलतो. अशा सोड्याचे निसर्गातले एक कोठार महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने बसाल्ट खडकात पडलेल्या सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या विवरात साचलेले असून त्याचे पाणी खारे तर आहेच, शिवाय अत्यंत अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर क्षारांचे थर उघडे पडत. ते गोळा करून साबण आणि काच बनविण्यासाठी नेत, आणि अकबराच्या दरबारातील अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’तही त्याची नोंद केली आहे. २०२० च्या जून महिन्यात हे सरोवर गुलाबी झाले तेव्हा देशभर कुतूहल निर्माण झाले; पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग अतिखाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचे आढळले. पाणी आटून खारटपणा वाढला की मिठागरांच्या दाट वाफ्यांतही अशीच लाली दिसते.

उपवासाला चालणारे सैंधव, म्हणजे शेंदेलोण, हे प्राचीन समुद्र आटून जमिनीत गाडल्या गेलेल्या मिठाचे खडक फोडून काढतात. भारतात ते परंपरेने पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेतून, आज पाकिस्तानात असलेल्या खेवड्याच्या खाणीतून, येत असे. त्याची गुलाबी छटा लोहाच्या संयुगांची आहे आणि त्यातील सोडियम क्लोराइडचे प्रमाण साध्या मिठापेक्षा फारसे वेगळे नसते. पादेलोण तयार करताना मीठ हिरड्यासारख्या वनस्पतिज द्रव्यांबरोबर भट्टीत तापवतात. त्यातून गंधकाची संयुगे तयार होतात आणि उकडलेल्या अंड्यासारखा त्याचा तो ओळखीचा वास येतो. या मिठांना आयुर्वेदात स्वतंत्र स्थान आहे, पण त्याच परंपरेतील एक इशारा फार कमी वेळा सांगितला जातो: चरकसंहितेच्या विमानस्थानात पिंपळी, क्षार आणि लवण ही तीन द्रव्ये अतिप्रमाणात खाऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. महागडे गुलाबी मीठ हे ‘औषधी’ म्हणून हवे तितके खावे, हा समज आधुनिक वैद्यकाला जसा मान्य नाही तसा तो चरकालाही मान्य झाला नसता.

शरीरात शिरल्यावर मीठ आपला मूळ स्वभाव सोडत नाही. रक्तात आणि पेशींबाहेरच्या द्रवात सोडियम असते, पेशींच्या आत मुख्यतः पोटॅशियम, आणि या दोहोंतील फरकावर मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंचे आकुंचन आणि हृदयाचा ठोका अवलंबून असतो. सलाइनच्या बाटलीत असते ते शेकडा ०.९ मिठाचे पाणी, कारण एवढ्या खारट पाण्यात रक्ताच्या पेशी ना फुगतात ना आक्रसतात. ही पातळी राखण्याचे काम मूत्रपिंडे करतात आणि त्यांच्या कामाचा आवाका थक्क करणारा आहे. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात विरघळलेले मीठ वजन केले तर जवळजवळ दीड किलो भरेल, आणि त्यातील नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक मीठ ती परत रक्तात घेतात. इतकी काटकसर करणारी इंद्रिये ज्या काळात घडली त्या काळात माणसाला मीठ दुर्मीळ होते. म्हणून निरोगी माणसाचे शरीर रोज एखाद-दोन ग्रॅम मिठावर चालू शकते. जास्त आलेले मीठ बाहेर टाकण्याची मात्र त्याला तितकी सवय नाही.

शरीरातून मीठ आणि पाणी एकदम जाऊ लागले तर काय होते, हे कॉलऱ्याच्या साथीत दिसते. आतड्याच्या आवरणात साखरेचा एक प्रकार, ग्लुकोज, सोडियमला बरोबर घेऊन आत जातो आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते. १९६० च्या दशकात स्पष्ट झालेल्या या यंत्रणेमुळे जुलाब चालू असतानाही तोंडाने दिलेले पाणी शरीरात मुरते. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धात सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत कॉलरा उसळला आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पुडी पाण्यात मिसळून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. जलसंजीवनी या नावाने ओळखले जाणारे हे पाणी घरी करायचे झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालतात. हे चमचे चहाचे आणि मोजून घेतलेले असावेत, कारण मीठ अधिक पडले तर रुग्णाच्या शरीरातले पाणी उलट आतड्याकडे ओढले जाण्याचा धोका असतो. कोकणात आजाऱ्याला तांदळाची पेज मीठ घालून देतात. तांदळाच्या पिठूळ भागाचे पचनानंतर ग्लुकोज होत असल्यामुळे तांदळाची जलसंजीवनीही गुणकारी ठरली आहे, तेव्हा या जुन्या रीतीला शरीरशास्त्राचा आधार आहे.

याच्या उलट दिशेने, गरजेपेक्षा अधिक मीठ वर्षानुवर्षे पोटात जात राहिले की रक्तात सोडियमबरोबर पाणीही धरून ठेवले जाते, रक्तवाहिन्यांतील द्रव वाढतो, त्यांच्या भिंती ताठर होत जातात आणि रक्तदाब चढतो. सगळ्यांचा दाब मिठाने सारखाच वाढतो असे नाही. काहींचे शरीर मिठाला अधिक संवेदनशील असते, आणि वय वाढेल तशी ही संवेदनशीलता वाढते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या अभ्यासात ३२ देशांतील ५२ ठिकाणी दहा हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली होती. त्यात ॲमेझॉनच्या जंगलातील यानोमामी लोकांच्या आहारात मीठ जवळजवळ नव्हते आणि त्यांचा रक्तदाब वयाबरोबर वाढत नव्हता. वय झाले की दाब वाढायचाच, ही समजूत त्यामुळे तपासून पाहण्यासारखी ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ खावे. भारतात झालेल्या पाहण्यांतून सरासरी आठ ते अकरा ग्रॅम एवढा आकडा पुढे येतो. याचा पडताळा घेण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. चार प्रौढ माणसांच्या घरात पाच ग्रॅमची मर्यादा पाळली, तर एक किलोचे पाकीट पन्नास दिवस पुरायला हवे. ते महिनाभरातच संपत असेल तर मर्यादा ओलांडली गेली आहे, आणि बाहेरच्या खाण्यातले मीठ त्यात धरलेलेही नाही. युरोप-अमेरिकेत मिठाचा मोठा वाटा कारखान्यात तयार झालेल्या पदार्थांतून येतो आणि तेथे घरच्या स्वयंपाकातील मीठ कमी करून फारसे हाती लागत नाही. भारतीय घरात बहुतेक मीठ अजून स्वयंपाकाच्या हातातूनच पानात येते, हा फरक फार मोलाचा आहे, कारण त्यामुळे उपायही घरच्यांच्याच हातात राहतो. शहरांत वेफर्स, नूडल्स, सॉस आणि ब्रेड यांचा वाटा वेगाने वाढतो आहे, तेव्हा ही सोय किती वर्षे टिकेल हा खरा प्रश्न आहे. पाकिटावर सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. सोडा आणि पापडखार यांतून येणारे सोडियम चवीला खारट लागत नाही, म्हणून ते हिशेबातून निसटते: खाण्याच्या सोड्याच्या वजनाचा चौथ्या भागाहून अधिक हिस्सा सोडियमचा असतो. एका पापडातून सहज अर्धा ग्रॅम मिठाइतके सोडियम येते, आणि लोणच्याच्या चमचाभर खारातून एक-दीड ग्रॅम. टिकण्यासाठी केलेले हे पदार्थ मुळातच तोंडी लावण्यापुरते होते. शीतपेटीच्या काळात त्यांचे प्रमाण मात्र भाजीइतके झाले.

मराठी पानात सर्वांत आधी मीठ वाढण्याची रीत आहे, तर देवाच्या नैवेद्याच्या पानात ते वेगळे वाढू नये अशीही रीत अनेक घरांत पाळतात. घरातल्या पानांनाही ही दुसरी रीत लावली, तर वरून घेतले जाणारे मीठ एका झटक्यात थांबेल. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, त्यामुळे मीठ अंदाजानेच घालावे लागते, आणि हा हाताचा अंदाज किती अचूक असू शकतो हे अशा स्वयंपाकात दिसते. अंदाज सवयीने घडतो, तसा तो सवयीने बदलतोही. दर आठवड्याला थोडे थोडे मीठ कमी केले तर जिभेला ते जाणवत नाही, आणि काही आठवड्यांत पूर्वीचाच पदार्थ खारट लागू लागतो. लिंबू, आमसूल, चिंच, आले, मिरी यांचा हात जरा सैल सोडला तर मिठाची उणीव भासत नाही. उन्हात राबणाऱ्यांना घामावाटे मीठ गमवावे लागते, म्हणून ताकातले चिमूटभर मीठ त्यांच्यासाठी योग्यच आहे. लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांनी मात्र मीठ एकदम तोडू नये, कारण त्यांच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

मीठ कमी करताना आयोडीनचा विचार सुटता कामा नये. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही कितीतरी कमी आयोडीन लागते, पण ते गर्भारपणात मिळाले नाही तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात केलेल्या प्रयोगात आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटल्याचे सिद्ध झाले आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आहे. भारतात मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळतात, कारण दमट हवेत ते अधिक टिकते. कारखान्यातून निघताना एका ग्रॅम मिठात तीस आणि ग्राहकापर्यंत पोहोचताना किमान पंधरा मायक्रोग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे. म्हणजे पाच ग्रॅम मिठातून पूर्ण गरज भागायची, तर ते आयोडीन वाटेत उडून जाता कामा नये: मीठ झाकणाच्या कोरड्या डब्यात, चुलीच्या धगीपासून दूर ठेवावे आणि शिजत आलेल्या पदार्थात घालावे. आयोडीन न घातलेल्या सैंधवावर पूर्णपणे विसंबणाऱ्या घरांत, विशेषतः गर्भवती असेल तर, ही उणीव गंभीर ठरू शकते. दूध, अंडी आणि समुद्राचे मासे तिचा काही भाग भरून काढतात.

अलीकडे बाजारात कमी सोडियमचे मीठ मिळू लागले आहे. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनच्या सहाशे खेड्यांत सुमारे एकवीस हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या किंवा साठी उलटलेल्या आणि उच्च रक्तदाब असलेल्या लोकांना पाऊण हिस्सा सोडियम आणि पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेले मीठ दिले, तेव्हा पक्षाघाताचे प्रमाण सुमारे चौदा टक्क्यांनी घटले. एका साध्या बदलाने एवढा परिणाम साधणारी औषधे फार थोडी आहेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना मात्र हे मीठ घातक ठरू शकते, कारण त्यांच्या शरीरातून पोटॅशियम पुरेसे बाहेर पडत नाही आणि ते रक्तात साचले तर हृदयाचा ठोका बिघडतो. अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये, आणि घरात एकच डबा सर्वांसाठी असेल तर घरातल्या सर्वांची प्रकृती लक्षात घेऊनच तो बदलावा.